तिच्या नावावर सांगितलेले खोटे

एनिसमधले ते प्रकरण माझ्या नोकरीतले नाही, तरी नोकरीतल्या कुठल्याही तपासापेक्षा ते मला जास्त छळते. पोलीस निरीक्षक म्हणून नागपुरातून निवृत्त झाल्यावर मी आणि माझी पत्नी २०२० च्या जानेवारीत लेकीकडे आयर्लंडमधल्या एनिस गावी गेलो. उन्हाळा लागायच्या आत परतायचे ठरले होते. मार्चमध्ये सगळे बंद झाले आणि आम्ही तिथेच अडकलो. पुढे जे घडले त्यात मला कसलाही अधिकार नव्हता. ठाणे माझे नव्हते, कायदाही माझा नव्हता. नावे कोणाचीच देणार नाही. त्या माणसांनी भोगायचे ते भोगले आहे.

त्या काळात घरापासून ठरावीक अंतरापलीकडे फिरायला बंदी होती. मी रोज नदीकाठी चालायला जायचो. एकदा नाक्यावर तिथल्या सार्जंटने मला अडवून घर कुठे आहे ते विचारले. मी सवयीने ताठ उभा राहून साहेबाला द्यावे तसे उत्तर दिले. तो हसला आणि म्हणाला, तुम्ही खात्यातले दिसता. पोलिसाला पोलीस ओळखू येतो, त्याला भाषा लागत नाही. मग भेटलो की दोन हात अंतर ठेवून गप्पा व्हायच्या. परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम तिथे स्थानिक ठाण्यात चालते आणि ते त्याच्याकडेच होते. आमच्यासारख्या अडकलेल्या म्हाताऱ्यांची राहण्याची मुदत वाढवून मिळते आहे, काळजी करू नका, हेही त्यानेच मला सांगितले होते.

आमच्या घरापासून तिसऱ्या दारात एक मराठी कुटुंब राहायचे. नवरा पुण्याचा, शॅननला एका कंपनीत इंजिनिअर. बायको अमरावतीची, आईवडिलांची एकुलती एक. मुलगी नऊ वर्षांची, मराठी सगळे समजायचे, बोलायची मात्र तिथल्या पोरांसारखे इंग्रजी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती बाई आमच्याकडे आली होती. वऱ्हाडातले कोणी भेटले म्हणून माझी पत्नी इतकी खूश झाली की तिला जेवल्याशिवाय सोडले नाही. त्यानंतर ती आम्हाला दिसली नाही. मार्चपासून नवरा सगळ्यांना सांगू लागला की तिला दमा आहे, डॉक्टरांनी कोणातही मिसळू नको म्हटले आहे. म्हातारी आणि आजारी माणसे तेव्हा घरात कोंडून घेत होती, तिथे त्याला कोकूनिंग म्हणत. त्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटले नाही. माझी पत्नी अधूनमधून मुगाची खिचडी, पातळ भाजी असे काही डब्यात भरून त्यांच्या दाराशी ठेवून यायची.

असे वर्ष गेले. २०२१ च्या वसंतात एका संध्याकाळी तो नवरा आमच्या मागच्या अंगणात आला. बसायला खुर्ची दिली तरी बसला नाही. सार्जंटचा त्याला दोनदा फोन येऊन गेला होता. कोणीतरी ठाण्यात कळवले होते की याची बायको वर्षभर देशात नाही. असली खबर बहुतेक वेळा जवळच्याच माणसाने दिलेली असते, पण कोणी दिली याच्या नादी मी लागलो नाही. दोन्ही वेळा याने सार्जंटला सांगितले होते की ती घरीच आहे, आजारी आहे. आता गुरुवारी सार्जंट घरी येणार होता.

"काका, तुमची त्याच्याशी ओळख आहे ना," तो म्हणाला. "फक्त एवढंच सांगा की तुम्ही तिला पाहिलंय. मॅटर क्लोज होईल."

मला राग आला. सारी नोकरी मी असल्या 'फक्त एवढंच सांगा' वाल्यांना ठाण्याच्या पायरीवरून परत पाठवले होते. आपल्या माणसाला संकटात आधी सत्य आठवत नाही, ओळख आठवते. मी त्याला म्हटले, चल, तिला दारातून बघतो, दोन शब्द बोलतो, मग सार्जंटला सांगतो. तो गडबडला. ती झोपली आहे म्हणाला. तरी मी त्याच्यासोबत त्याच्या दारापर्यंत गेलो. दार मुलीने उघडले. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "मॅम्स अपस्टेअर्स. शी इज ग्रँड, जस्ट टायर्ड." आई वरच्या मजल्यावर आहे, बरी आहे, नुसती दमली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यात भेटली तेव्हा मी फक्त शाळेचे विचारले. शाळेचे उत्तर देऊन झाल्यावर तिने तेच वाक्य तसेच पुन्हा म्हटले. पढवलेला साक्षीदार ओळखायला फार हुशारी लागत नाही. खरे सांगणारा माणूस दर वेळी थोडे वेगळे सांगतो. पढवलेल्याचा एक शब्दही हलत नाही. मी तिला पुढे काही विचारले नाही. लेकरांना त्यांच्या आईबापांविरुद्ध बोलते करायचे नाही, हा नियम मी वर्दीत असतानाही पाळला.

घरी येऊन मी पत्नीला सगळे सांगितले. तिला जराही नवल वाटले नाही.

"घरात बाई असती तं डबा असा रिकामा आला असता काय?" ती म्हणाली. "बिमार असो का काही असो, चिमूटभर साखर तं कोनीबी टाकते."

आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत. अमरावतीची बाई ते विसरणार नाही. आमचा डबा मात्र वर्षभर घासूनपुसून, लखलखीत आणि रिकामा परत येत होता. माझ्या पत्नीने ते केव्हाच ओळखले होते. नवराबायकोचे काही बिनसले असेल, उगाच चारचौघांत कशाला काढायचे, म्हणून ती गप्प राहिली होती.

बुधवारी मी त्या नवऱ्याला नदीकाठी फिरायला नेले. चौकशीची माझी एक पद्धत होती. ज्या प्रश्नाचे उत्तर माणूस घोकून आला आहे तो प्रश्न त्याला विचारायचाच नाही. मी बराच वेळ नुसता चालत राहिलो. गप्प राहिले की माणूस स्वतःच अस्वस्थ होतो. मग मी म्हटले, तुझ्या घरात वर्षभर बाई नाही, आणि डब्याचे सांगितले. तो कठड्याला धरून उभा राहिला. रडला नाही. नुसता पाण्याकडे बघत मान हलवत राहिला. मग सगळे बोलला.

ती फेब्रुवारीअखेर आईला बघायला तीन आठवड्यांसाठी अमरावतीला गेली होती. वडील आधीच वारलेले. ती तिथे असतानाच आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि पाठोपाठ विमाने बंद झाली. विमाने सुरू झाली तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली, करणारे दुसरे कोणी नाही. ती थांबली. यात लपवण्यासारखे काय होते, असे मी त्याला विचारले. तेव्हा कळले की हे खोटे त्याने मुळात सार्जंटसाठी रचलेच नव्हते. लग्नानंतर एकदा ती काही महिने माहेरी राहिली होती, तेव्हा याच्या पुण्याच्या नातेवाइकांनी सून नांदत नाही अशी आवई उठवली होती. या वेळी पुन्हा तेच होईल म्हणून त्याने आईवडिलांना सांगितले की ती एनिसलाच आहे. मग एनिसच्या मराठी मंडळींना तेच सांगावे लागले, कारण बातमी तिकडे पोचायला एक फोन पुरतो. मुलीलाही पढवावे लागले. सार्जंटचा पहिला फोन आला तेव्हा स्पीकर सुरू होता आणि समोर एक मराठी मित्र बसला होता. त्याच्यासमोर खरे सांगायचे तर वर्षभराचे सगळे उघडे पडले असते. तो खोटे बोलला, आणि दुसऱ्या वेळी पहिले खोटे सांभाळायला पुन्हा बोलला.

त्या बाईकडे आयर्लंडमध्ये कायम राहण्याचा हक्क होता. लेक लहान असताना पाळणाघरात वर्षानुवर्षे काम करून तो तिने स्वतः मिळवला होता. असा हक्क नावाला कायमचा असतो, पण माणूस फार काळ देशाबाहेर राहिला की तो डळमळीत होतो. सबळ कारण असेल आणि ते वेळेत कळवले तर अधिकारी विचार करतात. अंथरुणाला खिळलेली आई आणि बंद पडलेली विमाने यापेक्षा सबळ कारण कोणते? मी त्याला म्हटले, आत्ताच्या आत्ता माझ्यासोबत ठाण्यात चल. तू आपणहून सांगितलेस तर अजून वेळ आहे. तो म्हणाला, रात्री तिच्याशी बोलतो, उद्या सकाळी जाऊ. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले की हा सकाळी येणार नाही. पण त्याला दंडाला धरून नेण्याचा अधिकार माझ्याकडे राहिला नव्हता.

सकाळी तो आला नाही. दुपारी सार्जंट त्याच्या घरी गेला. पुढचे मला त्या दोघांकडून वेगवेगळे कळले आणि ते तंतोतंत जुळले. दार मुलीने उघडले आणि आपले वाक्य म्हटले. सार्जंट म्हणाला, मग मी वर जाऊन हॅलो म्हणू का? मुलगी जिन्याच्या तोंडाशी हात आडवे करून उभी राहिली. तेव्हा बापाला ते बघवले नाही आणि त्याने मान्य केले.

संध्याकाळी सार्जंट नदीकाठी मला भेटला. माणूस चांगला होता, त्यालाही वाईट वाटत होते. प्रकरणाचे मी काही विचारले नाही, तोच बोलला. "पहिल्या फोनवर त्याने सासूच्या आजारपणाचं सांगितलं असतं तर मी तेच लिहून वर पाठवलं असतं. अशी कितीतरी प्रकरणं मार्गी लागलीत. आता मला लिहावं लागेल की मला दोनदा खोटं सांगितलं गेलं." मी त्याच्याकडे रदबदली केली नाही. त्याच्या जागी मीही तेच लिहिले असते.

त्याने कारणही लिहिले आणि खोटेही. वरच्या कार्यालयाने दोन्ही वाचले आणि खोट्याला जास्त वजन दिले. तिचा हक्क गेला. आता नवऱ्याच्या आधाराने नव्याने अर्ज करायचा आणि निर्णय येईपर्यंत वाट बघायची, एवढेच उरले. त्याच सुमारास अमरावतीत करोनाने थैमान घातले आणि जिच्यासाठी ती थांबली होती ती आई गेली. ज्या घरात राहण्याचे कारण उरले नाही तिथे ती एकटी बसून होती आणि ज्या घरी तिचे लेकरू होते तिथे तिला येता येत नव्हते.

मी साक्ष दिली नाही याचा मला पश्चात्ताप नाही. ती देऊन काही सुटलेही नसते. मला हळहळ वेगळ्याच गोष्टीची वाटते. शिक्षेच्या भीतीने खोटे बोलणारे शेकडो लोक मी पाहिले, त्यांनी आधी काहीतरी केलेले असायचे. इथे कोणीच काही केले नव्हते. त्या बाईने आपल्या आईची सेवा केली, नवऱ्याने वर्षभर घर आणि लेक सांभाळली. चारचौघांत अभिमानाने सांगावे असे हे होते आणि चारचौघांच्याच भीतीने ते दडवले गेले. तपासाला निघालेल्या माणसाला गुन्हा सापडला नाही तर बरे वाटायला हवे. मला मात्र तेव्हापासून घरोघरच्या निष्पाप लपवाछपवीची जास्त धास्ती वाटते.

आईचे दिवस झाल्यावर तिने मला अमरावतीहून फोन केला. तेव्हा कळले की हक्क जाईपर्यंत यातले तिला काहीच माहीत नव्हते. गार्डांना, म्हणजे तिथल्या पोलिसांना कळवले का, असे तिने नवऱ्याला पुन्हा पुन्हा विचारले होते आणि तो हो म्हणत आला होता. ती चिडली नव्हती. थकलेली होती.

"काका, तुम्ही पोलिसात होता म्हणून विचारते," ती म्हणाली. "माझी चूक कुठे झाली?"

लोकांच्या दारात उभा राहून मृत्यूची बातमी सांगायचे काम मी पुष्कळदा केले आहे, आणि प्रत्येक वेळी काहीतरी बोलायला सुचले आहे. त्या दिवशी एवढेच सुचले. मी म्हटले, तुझी चूक झाली नाही, पोरी. मग तिने विचारले की लेक रोज 'कधी येतेस' म्हणते, तिला काय सांगू. लवकरच येते म्हणून सांगू का?

मी म्हटले, माहीत नाही असे सांग. त्या पोरीला आता कोणीतरी खरे सांगायला हवे.

तिने त्याच रात्री लेकीला तसेच सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिले, पोरगी दप्तर पाठीला लावून दाराबाहेर आली, पायरीवर बसली आणि शाळेची वेळ टळून गेली तरी उठली नाही.