दोन कॉमांमधला विणकर

मिल बंद होऊन वर्ष उलटलं होतं, तरी कोणी विचारलं की मी साचाखात्यातला विणकर, असंच सांगत होतो. साचा म्हणजे माग. दुसरं काय सांगणार? शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं मिलमध्येच शिकलो.

मुलगी बीए झाली होती. तेव्हा इंदुरात गल्लोगल्ली इंग्रजी शाळा निघत होत्या, त्यातल्याच एकीने तिला मुलाखतीला बोलावलं होतं. घरात पगार कोणाचाच नव्हता, म्हणून ती नोकरी लागायला हवी होती. जुनी इंदूर भागातल्या आमच्या खोलीत ती मोठ्याने घोकायची, "माय फादर, अ वीव्हर, लिव्ह्ज इन इंदोर."

मी अर्थ विचारला.

"माझे वडील, विणकर, इंदुरात राहतात. माणसाचं नाव घेतलं की तो कोण, ते लगेच शेजारी सांगायचं. त्याला अपॉझिटिव्ह म्हणतात. दोन्हीकडे कॉमा."

"दोन कशाला? एक पुरे की."

"एकाने नाही भागत, बाबा. ते सुरू होतं तिथे एक आणि संपतं तिथे एक."

हे मला पटलं. साचाखात्यात आवाज एवढा की आम्ही हातांनी आणि ओठांनीच बोलायचो. कोणाबद्दल सांगायचं तर आधी त्याची खूण, मिशी नाहीतर चष्मा. मग हात थांबवायचा. मग त्याच्या खात्याची खूण, परत हात थांबवायचा, आणि मग निरोप. नवीन लागलेला एकजण दुसऱ्यांदा थांबलाच नाही. रंगखात्यातल्या मिशीवाल्याला बोलवा, असं त्याला सांगायचं होतं. पण रंगखात्याची खूण निरोपालाच चिकटली, आणि लोकांनी आमच्याच मिशीवाल्याला रंगखात्यात धाडलं. तो बिचारा तिथे उभा, आणि इकडे त्याचे माग बंद.

वरच्या मजल्यावर बँकेतला एक क्लार्क राहायचा. तो तिची तयारी ऐकून खाली आला.

"काकाजी, वीव्हर नका म्हणू देऊ हिला. बंद मिल म्हटलं की सामनेवाला लगेच समझ जातो, घरची हालत काय ते. रिटायर्ड म्हणू द्या. उसमें क्या जाता है?"

"मिल बंद झाली, भिया. मी कुठे रिटायर झालो?"

"एकच ना ते."

"एक कसं? रिटायर होतो त्याला हार घालतात. माझा हार दाखव."

तो हसला. मुलगी हसली नाही. म्हणाली, "मग मी ते काढूनच टाकते. कॉमांमधलं काढलं तरी वाक्य उभं राहतं. वडील एकच आहेत, कोणते ते ओळखायला नको."

"म्हणजे मी इंदुरात राहतो, बस. करत काही नाही."

"बाबा, मला नोकरी हवीय."

"बोल मग तुला हवं ते."

त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोललो नाही. तीही समजूत काढायला आली नाही.

सकाळी सायकलवर डबल सीट बसवून तिला राजेंद्र नगरला नेलं. शाळा एका बंगल्यात होती. मुलाखत पुढच्या खोलीत, आणि खिडकी उघडी. मी अंगणात सायकलजवळ उभा राहिलो. इंग्रजी मला येत नव्हतं, पण त्या वाक्याची चाल आता कानात बसली होती.

"माय फादर," ती म्हणाली आणि थांबली. मी सायकलच्या चेनकडे बघत राहिलो.

"अ वीव्हर," परत थांबली. मग इंदोर वगैरे.

आत मोठ्या बाई होत्या. त्यांनी मिलचं विचारलं असावं, कारण मुलीने मिलचं नाव घेतलं. तशा त्या हिंदीवर आल्या. "वो तो बंद हो गई ना?"

"जी, मिल बंद है," मुलगी म्हणाली. "बाबा बुनकर ही हैं." बुनकर म्हणजे विणकर.

बाई पुढे काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने मुलगी बाहेर आली. "सोमवारपासून या म्हणाल्या."

मी सायकल काढली. बरंच अंतर गेल्यावर मागून आवाज आला, "ऐकलंत का?"

"मला इंग्रजी कुठे येतं?" मी म्हणालो. "शेवटचं तेवढं हिंदी होतं."

पुढे चढ लागला. ती उतरली आणि मागून सायकल ढकलू लागली. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही.