ठरावापुरत्या मेंबर

आमच्या लेआउटचे अध्यक्ष खुशालराव निंभोरकर भाजी घेतानाही अध्यक्षच असतात. "अध्यक्ष या नात्यानं सांगतो, हे वांगं किडकं निंघन," असं भाजीवाल्याला सांगून तेच वांगं पिशवीत टाकतात. शेजारी जमुनाबाई वाकोडे उभ्या असल्या तर मान न वळवता म्हणतात, "घ्या अध्यक्ष. किडे आपलेच हायत."

हे लिहिणं जमुनाबाईंवर आहे. पण खुशालराव यात शिरणारच, कारण ते कुठेही शिरतात.

जमुनाबाईंचं माहेर बार्शीटाकळीकडचं, कापूस-तुरीचं घर. नवरा सूर्यभान एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. तेव्हा नोकरदार मंडळींनी एकत्र येऊन 'शततारका गृहनिर्माण सहकारी संस्था' काढली, अमरावतीबाहेर काळ्या मातीचं एक वावर घेतलं, प्लॉट पाडून आमचं हे लेआउट केलं आणि मधोमध सगळ्यांसाठी मोकळी जागा सोडली. तिला कोणी मोकळी जागा म्हणत नाही. ओपन स्पेस म्हणतात, आणि जमुनाबाई 'ओपन' एवढंच म्हणतात. या ओपनमध्ये संस्थेची बोअर आहे. सरकारी नळ आमच्याकडे एक दिवसाआड येतो. जमुनाबाईंचं घर पाइपाच्या पार शेपटीला असल्यामुळे त्यांच्या तोटीला फक्त हवा येते. त्यांचं पिणं, रांधणं, धुणं सगळं त्या बोअरवर.

सूर्यभानभाऊ वारले तेव्हा शेअर सर्टिफिकेट त्यांच्याच नावावर होतं. जमुनाबाई ते आपल्या नावावर करण्याचा अर्ज घेऊन अध्यक्षांकडे गेल्या.

"ठेवा वयनी," खुशालराव म्हणाले. "होऊन जाईन."

खुशालरावांनी 'होऊन जाईन' म्हटलं की काम झाल्यातच जमा असतं. पुन्हा त्याला हात लावावा लागत नाही.

आता आमची आमसभा कशी होते ते सांगायला पाहिजे. दर वर्षी ओपनमध्ये मांडव पडतो. आधी नाश्ता ठेवला तर लोक खाऊन जातात आणि नंतर ठेवला तर येतच नाहीत, म्हणून खुशालरावांनी नाश्ता मधे ठेवला. त्यामुळे लोक येतात, अहवालभर बसतात, दह्यातला गिला वडा खातात आणि ठरावांच्या आधी हात पुसत घरी जातात. मांडवात उरतात खुशालराव, सचिव आणि जमुनाबाई. जमुनाबाई उरतात, कारण दह्याचे गंज त्यांचे असतात. लेआउटमधल्या कोणत्याही कार्याला मोठी भांडी त्यांच्याकडूनच जातात, आणि भांडं घेतल्याशिवाय त्या हालत नाहीत.

मग खुशालराव रिकाम्या खुर्च्यांसमोर माइक धरतात. "सूचक कोण? मीच. अनुमोदक कोण?" आणि मांडवभर नजर फिरवून विचारतात, "वयनी, तुमचं नाव लिवू का?"

"लिवा बापा. पन तो गंज रिकामा करा आंदी."

असे आमच्या संस्थेचे सगळे ठराव मंजूर झालेले आहेत.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर खुशालरावांचा साळा गजेंद्र ट्रॅक्टरमध्ये लोखंडी अँगल घेऊन आला. ओपनच्या चारी बाजूंनी तार ओढली आणि मोटारीच्या खोलीला कुलूप लावलं. जमुनाबाई कळशी घेऊन उभ्याच होत्या.

"काहून रे बापा, कुलूप काहून लावून राह्यला?"

"मावशी, हा प्लॉट आता माहा हाये."

"हा प्लॉट नाई. हा ओपन हाये."

"होता," गजेंद्र म्हणाला. "संस्थेनं इकला, म्या घेतला. पाऊस पडाच्या आंदी बंगल्याचे गड्डे होतीन. मंग बोअर बुजवतो."

त्या संध्याकाळी लेआउट फार तापलं. ज्याच्या-त्याच्या फाटकात 'फ्रॉड' हा शब्द ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी जमुनाबाई घरोघर गेल्या, तेव्हा लेआउट थंड झालेलं होतं. एकाच्या बांधकामाला अध्यक्षांची सही लागणार होती. एकाच्या मुलाला अध्यक्षांनी कॉलेजात चिकटवलं होतं. पौर्णिमाताई म्हणाल्या, "आमच्या यांले तर वाटतेच केस कराव, पन यायचा स्वभाव नाई ना तसा." यांचा स्वभाव आतल्या खोलीत टीव्ही पाहत होता.

म्हणून जमुनाबाई एकट्याच देवश्री वकिलांकडे गेल्या. देवश्रीताई नवीन आहेत, भराभर बोलतात आणि प्रत्येक वाक्यानंतर 'बरं का' म्हणतात.

"काकू, केस सहकार न्यायालयात चालेल, बरं का. पण पहिला प्रश्न येईल तुम्ही कोण. संस्थेच्या कारभाराबद्दल भांडायचं तर सभासद पाहिजे."

"मी सूर्यभान वाकोडेची बायको."

"तेच ते. वारस म्हणूनही येता येतं. पण ते म्हणतील, आधी वारस सिद्ध करा, मग सभासदत्व घ्या, मग बोला. त्यात वर्ष-दोन वर्षं जातात, बरं का."

"आनि गड्डे?"

"तोवर बंगल्याची वास्तुशांत होईल."

जमुनाबाई म्हणाल्या, "मंजे चोरी झाली हे समद्यायले दिसते, पन चोर चोर मनून वरडाचा परवाना मायापाशी नाई."

"कायद्यात याला थोडं लांब नाव आहे," देवश्रीताई म्हणाल्या, "पण हो. टाकूया केस."

तारखेला खुशालराव पांढऱ्या सफारीत आले. त्यांचे वकील हरिहरराव जुने, सावकाश बोलणारे. प्रत्येक शब्द तोंडात धुऊन, पुसून, मग बाहेर ठेवणारे.

"महोदय, सदर महिला ही प्रतिवादी संस्थेची सभासद नाही, नव्हती, व आजमितीस नाही. भागधारक कैलासवासी सूर्यभान होते. कैलासवासींनी तक्रार केलेली नाही. सबब हा वाद या न्यायालयासमोर आणण्याचा अधिकारच सदर महिलेस नाही. मूळ विषयात शिरण्याचे कारण नाही."

देवश्रीताईंनी वारसाचा मुद्दा मांडला. अर्ज दिला होता, अध्यक्षांनी तो दाबून ठेवला, हेही सांगितलं.

"पोच?" न्यायाधीशांनी विचारलं.

पोच नव्हती. 'होऊन जाईन' याची पोच कोण मागतं?

न्यायाधीश लिहू लागले. जमुनाबाईंनी देवश्रीताईंच्या कानाला लागून विचारलं, "काय मनते?" देवश्रीताईंनी पहिल्यांदाच 'बरं का' न लावता सांगितलं, "कठीण आहे, काकू." जमुनाबाईंनी हातातली पाण्याची बाटली उघडली, पाहिली आणि न पिता बंद केली.

इथे हरिहररावांनी खाली बसायचं होतं आणि खुशालरावांनी गप्प राहायचं होतं. हरिहरराव बसले. खुशालराव उठले.

"साहेब, अध्यक्ष या नात्यानं दोन शब्द बोलतो."

"तुमचे वकील बोलले आहेत," न्यायाधीश म्हणाले.

"नाई, पन कोर्टात फ्रॉड-फ्रॉड चालून राह्यलं, माही बदनामी होऊन राह्यली. जागा चोरून नाई इकली साहेब. आमसभेत ठराव घेतला. रीतसर."

"खुशालराव, खाली बसा," हरिहरराव न धुतलेल्या शब्दांत म्हणाले.

"कोणी मांडला ठराव?" न्यायाधीशांनी विचारलं.

"म्याच."

"अनुमोदन?"

खुशालरावांचा चेहरा उजळला. त्यांनी अख्खं अंग वळवून हात जमुनाबाईंकडे केला. "यायनंच तर देलं साहेब! याच त्या! आता कोर्टात येऊन उलटून राह्यल्या!"

हरिहररावांनी डोळे मिटले.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "ज्या सभासद नाहीत, त्यांनी?"

खुशालरावांनी हात तसाच ठेवून हरिहररावांकडे पाहिलं. हरिहरराव छताकडे पाहत होते.

"मंजे... तवा होत्या ना साहेब."

"केव्हा?"

"ठरावाच्या टायमाले."

"आणि आता?"

"आता नाई." मग खुशालरावांनाच ते नीट वाटलं नाही. "त्या ठरावापुरत्या मेंबर होत्या, साहेब."

मागच्या बाकावर कोणी तरी खोकलं. न्यायाधीश खोकले नाहीत. त्यांनी जमुनाबाईंना पुढे बोलावलं. "बाई, तुम्ही अनुमोदन दिलं होतं?"

देवश्रीताईंनी मनातल्या मनात हिशेब केला. 'नाही' म्हणावं तर ठराव गेला, पण मेंबरकीचा हा एवढाच धागाही गेला. 'हो' म्हणावं तर स्वतःच जागा विकायला मान डोलावली.

"देलं ना," जमुनाबाई म्हणाल्या. "दर साली देतो."

"कशाला दिलं, ते माहीत होतं?"

"ते कोनी सांगतलं नोतं. हे मनाले, नाव लिवू का. मी मनलं लिवा. माह्या गंजात दही होतं."

न्यायाधीशांनी गंजाचा खुलासा मागितला. जमुनाबाईंनी तो दिला: गिला वड्यापासून, लोक हात पुसून जातात तिथपर्यंत, आणि शेवटी कोण कोण उरतं ते. हरिहरराव 'हरकत' म्हणायला उठले, पण कशाला हरकत घ्यायची ते न सुचून पुन्हा बसले. न्यायाधीशांनी शेवटी त्यांनाच विचारलं, "वकीलसाहेब, यांना सभासद म्हणायचं की नाही, ते आज ठरवून सांगा. नसतील तर अनुमोदनाशिवाय झालेल्या ठरावावर जागा विकली. असतील तर तुमची हरकत संपली."

"मला सूचना घ्याव्या लागतील," हरिहरराव म्हणाले.

"त्यांच्याकडून?" न्यायाधीशांनी खुशालरावांकडे पाहिलं. "घ्या. तोवर मी आदेश सांगतो."

आदेश असा झाला: बाईंना वाद आणण्याचा अधिकार नाही असं आज तरी म्हणता येत नाही. पुढची सुनावणी होईपर्यंत जागेवर खोदकाम करायचं नाही आणि मोटारीच्या खोलीचं कुलूप आजच काढायचं.

बाहेर आल्यावर जमुनाबाईंनी विचारलं, "जिकलो का आपन?"

"नाही काकू. आता कुठे भांडायला उभं राहू दिलं, बरं का."

"आनि पानी?"

"पाणी आजपासून."

"मंग भांडू ना," जमुनाबाई म्हणाल्या. "पानी पिऊन भांडू."

दिवस मावळायला खुशालराव स्वतः किल्ली घेऊन ओपनवर आले. गजेंद्र आला नाही. त्याला बहिणीनं जेवायला थांबवलं होतं, असं खुशालरावांनी कोणी न विचारता सांगितलं. आदल्या दिवसापर्यंत तसा स्वभाव नसलेले पुष्कळ लोक बादल्या घेऊन तारेपाशी जमले होते. खुशालरावांनी कुलूप काढलं, बटन दाबलं. मोटार थोडी घरघरली, पाइप थरथरला आणि पाणी आलं.

जमुनाबाईंनी पहिली कळशी भरली आणि कमरेवर घेतली.

"पुढच्या तारखेले पाहून घेतो वयनी," खुशालराव म्हणाले. "हरिहररावायनं पॉइंट काढेल हाये."

"पाहा ना." जमुनाबाई चार पावलं गेल्या आणि वळल्या. "अध्यक्ष, तारखेले गाडी काढसान तर मले घेऊन जा. तो ऑटोवाला मले चौकातच उतरवते, अन् तथून उनात पायी जा लागते."

खुशालरावांनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं, मग किल्लीकडे.

"किती वाजता निंघाचं?" त्यांनी विचारलं.