अर्धी अगरबत्ती

होस्टेलमध्ये माझी रूममेट सकाळी अगरबत्ती लावते. तो वास आला की मी सातवीच्या उन्हाळी सुट्टीत, दवनीवाड्याच्या आमच्या घरी पोचते.

त्या सुट्टीत बाबांनी एक नेम सुरू केला होता. रोज सकाळी आई, बाबा आणि मी देवापुढे डोळे मिटून बसायचो. अगरबत्ती विझेपर्यंत बोलायचं नाही, फक्त श्वासाकडे लक्ष ठेवून मनात देवाचं नाव घ्यायचं. आजारामुळे बाबांचा श्वास घरघरायचा. मला मात्र बाहेर खेळणाऱ्या मैत्रिणीच ऐकू यायच्या. म्हणून मी गुपचूप काड्यांचे वरचे अर्धे तुकडे मोडून टाकायचे.

एकदा बाबांनी मला विचारलं, "काऊन वं माय, अगरबत्ती आजकाल लवकर सरून राहिली?"

"दुकानदारानं आखूड देल्ली असन," आई हसत म्हणाली.

मी मान खाली घातली. बाबांना कळलं असावं. ते एवढंच म्हणाले, "जाय, खेळाले जाय."

पावसाळ्यात बाबा गेले. त्यांना कदाचित माझ्याजवळ थोडा वेळ बसायचं होतं, असं आता वाटतं. नक्की सांगता येत नाही. त्या दिवशी त्यांनी जा म्हटलं, आणि मी मागे वळूनही न पाहता पळाले.