सोमवारी विसावणारं इंजिन

यंत्राचीही पाठ दुखते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या गल्लीतले घाणेवाले मामा. चौथीत शाळा सोडलेला मी मोठेपणी मालवणाकडून कोल्हापुरात आलो, तो बोटीवरच्या इंजिनाचं थोडंफार काम येतं एवढ्याच भांडवलावर. मामांनी ठेवून घेतलं. तेव्हा गल्लीतली सातही घरं घाण्यावर शेंगतेल काढून जगत. पण गिरणीचं डब्यातलं तेल आलं आणि एकेक घाणा थांबू लागला. "सगळ्यांनीच त्याल काढलं आन् गिऱ्हाईकच आलं न्हाय, तर काय अंगाला चोळायचं?" हे मामा कुणालाही ऐकवत, न्हाव्याला, पोस्टमनला, एकदा तर मयताला आलेल्या पाहुण्यांनाही. त्यांनी कोंबड्या पाळल्या, त्या पेंड खाऊन इतक्या लठ्ठ झाल्या की अंडी घालायचा कंटाळा करू लागल्या. मग साबण केला. त्यानं धुतलेला सदरा माशा सोडत नसत. शेवटी आपल्या दोनपैकी एक घाणा काढून त्यांनी पिठाच्या चक्कीला जुनं डिझेल इंजिन आणलं आणि माझ्या स्वाधीन केलं. हे बंद पडलं तर आपण परत गावी, एवढीच मला धास्ती.

आता घाण्याचा बैल सोमवारी जुंपायचा नाही, तेल चोळून त्याला विसावा द्यायचा, ही गल्लीची रीत. मामांनी ती इंजिनालाही लावली. मी बाहेर दळणवाल्या बायकांची समजूत काढत होतो, तेवढ्यात त्यांनी शेंगतेलानं त्याचं मालीश केलं, वर वंगणाच्या भोकातही तेच ओतलं. मंगळवारी तासाभरात इंजिन जाम.

"मामा, ह्यो काय बैल हाय व्हय?" शेजारचा ओरडला.

"राबतंय न्हवं? मग झालं!"

मी गावी जायला बोचकं बांधायला घेतलं. मामांनी मात्र रिकामे बसलेले सगळे घाणेवाले हाका मारून गोळा केले. "बसा रं. पावणं खोलत्यात, तुमी पुसा." त्यांच्या लेखी मी अजून पाहुणाच होतो. मी एकेक भाग सुटा करी, नाव सांगी, ते रॉकेलात धूत. चार दिवसांनी इंजिन धडधडलं, पण माणसं उठेनात. पुढच्या सोमवारी पुन्हा खोलायचा हट्ट! होता होता सगळ्यांचा हात बसला, कोडोलीकडच्या मळ्यांतली पाणी उपसायची इंजिनं दुरुस्तीला आमच्याच गल्लीत येऊ लागली, आणि चौथीत शाळा सोडलेला मी सात घरांचा मास्तर झालो.

मामांनी उरलेला घाणाही काढला, त्या संध्याकाळी ते पायरीवर हाताचा वास घेत बसले होते.

"गल्ली जगली की गड्या," ते म्हणाले. "पर त्यालाचा वास गेला. आता डोळं मिटून आलो, तर आपली गल्ली कंची, कळायचं न्हाय."

"मी हाय की, आणतो हाताला धरून," मी म्हणालो. कोल्हापूरची बोली माझ्या तोंडात कधीची बसली होती. माझ्या कानांना ती तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली.