झिलानचं तुर्की

ऑफिसचे किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या आमच्या ऑफिसातले बरेचसे मात्र हसून झाल्यावर घशात अडकतात.

मुरात आमचा मॅनेजर, इस्तंबूलचा. झिलान टेस्टिंग बघते. तीही तुर्कस्तानातलीच, पण कुर्दी, म्हणजे तिथल्या पूर्वेकडच्या अल्पसंख्याकांतली. पहिल्याच दिवशी मुरातनं तिचं कौतुक केलं, “तू अजिबात कुर्दी वाटत नाहीस!”

“कुर्दी कसे वाटतात?”

मुरात गडबडला. “म्हणजे... तू किती शिकलेली आहेस!”

*

कुर्दी माणसाला शेपूट असतं, असं झिलानच्या शाळेतली पोरं म्हणायची. शेजारी बसणाऱ्या मुलीनं तिला ते खरं का, म्हणून विचारलंही होतं. पुढे तीच जिवलग मैत्रीण झाली.

“तरी पोहायला गेलो तेव्हा तिनं मागून बघून घेतलंच,” झिलान म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

*

आमचा मोठा क्लायंट इस्तंबूलचा. त्या प्रोजेक्टची लीड झिलानच व्हायला हवी होती. ती सिस्टिम तिच्याइतकी कुणालाच कळत नाही. पण मुरात तिला कॉलवर घेईना. “तिच्या तुर्कीला पूर्वेकडचा हेल आहे. क्लायंटला वाटेल, आम्ही गावंढळ माणसं ठेवतो.”

लीड मला केलं. मला तुर्कीचा एक शब्द येत नाही! माझं नागपुरी इंग्रजी चाललं, तिचं तुर्की चाललं नाही. आणि मी नको म्हटलं नाही, याची मला लाज वाटते.

*

हे एका शनिवारी मराठी मंडळींत सांगितलं. पुण्याची मैत्रीण हळहळली. “कसले लोक असतात यार. आपल्यात नाही बाई असलं काही.” मग मला पुरी वाढत म्हणाली, “आता तुझंच बघ ना. तू नागपूरची आहेस हे कळतसुद्धा नाही.”

मी पुरी खाल्ली.

*

गेल्या महिन्यात मुरात रजेवर असताना इस्तंबूलची सिस्टिम बंद पडली. मी घाबरून झिलानला कॉलवर ओढलं. ती तुर्कीत भराभर सांगत गेली आणि सगळं सुरू झालं. मला वाटलं, आता लीड हिलाच मिळणार, मुरातला मीच सांगीन.

तेवढ्यात क्लायंटकडच्या मुख्य साहेबांनी बाकीच्यांना कॉल सोडायला सांगितलं. आम्ही तिघंच उरलो. ते झिलानशी हळू आवाजात काहीतरी बोलले.

“कुर्दी बोलतायत,” ती मला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मग साहेब माझ्याशी इंग्रजीत बोलले. “फार छान काम केलंत. एक विनंती आहे. हिला पुन्हा कॉलवर घेऊ नका.”

“का?”

“इथे माझ्याबद्दल कुणाला माहीत नाही. ती बोलायला लागली, की माझंही तुर्की तिच्यासारखं व्हायला लागतं.”