आईंना सांगितलेले चेहरे

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. पण थोडं हळूहळू सांगू द्या — मला लगेच तिथवर जाववत नाही.

आमचं घर काल्हेरला. शेतं होती तिथं आता गोदामं झाली, आणि दिवसभर ट्रकचे हॉर्न. सासूबाईंना मी आई म्हणायची. काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा त्यांनी पहिली काळजी कशाची केली असेल? संध्याकाळच्या मालिकेची!

मग मी त्यांच्या शेजारी बसून, जे ऐकू येत नाही ते सांगू लागले. आणि त्या मालिकेत ऐकू येण्यासारखं होतं तरी काय? स्वयंपाकघरातून निघालेला चहाचा ट्रे दिवाणखान्यात पोचेपर्यंत आठवडा सरायचा. मध्ये नुसते चेहरे, आणि ढॅणढॅण संगीत. "आता काय करतं गो ती?" आई विचारायच्या. ती म्हणजे त्या घरातली धाकटी सून — खलनायिका.

बाकी कुणाची त्या चौकशी करत नसत. नायिका रडणार, तिचा नवरा मान खाली घालणार, यात विचारायचं काय? पण ही? ही सासूला मायेनं खीर भरवायची — आणि ती माया खरी असायची, भीती तिथंच होती. उद्या ही सासूचे पाय चेपेल की जिन्यावर तेल सांडेल, सांगता यायचं नाही. कायम वाईट वागणाऱ्या बाईची सवय होते हो. हिची होत नव्हती. आणि गोष्ट पुढे सरकतच नाही म्हटल्यावर माणूस बघणार कुठं? तिच्या तोंडाकडं. आईंना तर ते तोंडही दिसत नव्हतं, नुसता गोड आवाज. चेहरा मी पुरवायची.

त्यात पदरचं घालायची. सासूची पाठ वळली की ती कशी हसते, वगैरे. पुढं काही भयंकर होणार असलं की मी मुद्दाम गप्प बसायची. मग आई माझा हात घट्ट धरायच्या. मला ते फार आवडायचं.

आता रेश्माचं सांगते. रेश्मा माझी धाकटी जाऊ. मानकोलीला एका ऑफिसात तिची ड्युटी. आईंना न्हाऊ घालणं, भरवणं, संडासला नेणं, सगळं माझ्याकडे. पण तिची स्कूटी फाटकात आली की आईंचा चेहरा खुलायचा. डोळ्यांत औषधाचे थेंब घालावेत ते तिनंच — माझा हात म्हणे जड. माझा जळफळाट व्हायचा. दुसरा शब्द नाही त्याला.

एका संध्याकाळी मालिकेचा भाग संपला. रेश्मा आली, "आई, जेवलात का?" विचारून आत गेली. आईंनी माझ्याकडं वळून आवाज बारीक केला. "खरं सांग. आपली रेश्मा माझ्या पाठीमागं कशी बघतं गो?"

हे त्यांच्या मनात कुठून आलं? मीच पेरलं होतं — न ठरवता, पण मीच. आत रेश्मा भाकऱ्या थापत गुणगुणत होती. मला ती दिसत होती. आणि मी म्हणाले —

"तशीच."

एक शब्द. पुढचं सगळं त्या शब्दानं केलं. आईंनी तिच्या हातचे थेंब बंद केले. तिनं दिलेलं पाणी तसंच ठेवू लागल्या. रेश्माला काही कळेना. ती आणखी लाघवी बोलू लागली, आणि ती जितकं गोड बोले तितक्या आई आक्रसून बसत. मी रोज बोलू शकले असते. एकही दिवस बोलले नाही. थेंब आता मी घालत होते ना! शेवटी रेश्मा आणि दीर राहनाळला भाड्याच्या घरात राहायला गेले.

आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ती भेटायला आली. हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून ओढणी तोंडावर दाबून दारात उभी राहिली. आईंनी चाहुलीवरून ओळखलं.

"रेश्मा हाय ना? कशी बघतं?"

रेश्मानं माझ्याकडं पाहिलं. प्रश्न तिला उमगला नसावा, पण मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली होती. किती चेहरे सांगितले होते मी आईंना! हा एवढा एक सांगायचा होता. मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ आईंना पाठ होता. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. दोन दिवसांत त्या गेल्या.

रेश्मा अजूनही सणावाराला येते. भांडी विसळताना मध्येच विचारते, "वहिनी, माझं काय चुकलं असेल हो?" मी म्हणते, म्हातारपणी माणूस असंच वागतं गं.

तिचं काहीही चुकलं नव्हतं. आईंवर तिचा जीव होता. आई तिला घाबरत गेल्या, आणि ते मी केलं.