नुसतं खाकरणं

शालन गेल्याचं मला शेतात कळलं. त्या सकाळी बारामतीच्या दवाखान्यात तिला जरा बरं वाटत होतं, म्हणून तिनंच मला पिटाळलं. "हितं बसून काय करताय? वांग्यांना पाणी द्या जावा." लासुर्ण्याला येऊन मोटर चालू केली आणि मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, माघारी या..." एवढंच म्हणाला. मोटर तशीच चालू राहिली, वाफे तुंबले. त्याला आता दीड महिना होईल. सगळ्या संसारात मी तिला कधी नावानं हाक मारली नाही, 'अगं'वर भागत होतं. ती ऐकायला नाही तेव्हा तिचं नाव लिहितोय, याचं माझं मलाच वाईट वाटतं.

शालन आमच्या गावच्या भाजीपाला गटाची अध्यक्ष होती. मागं एकदा अशा गटांच्या अध्यक्ष बायकांना बारामतीत नेतृत्वाचं प्रशिक्षण होतं, नवऱ्यासह. मी जायला तयार नव्हतो. "अध्यक्ष तू, माझं तितं काय काम?"

"डबा धरायला चला," ती म्हणाली. तिच्यापुढं माझं कधी चाललंय!

तिथं दोन दिवस आम्हाला खेळच खेळवले. जुन्या वर्तमानपत्रांचे मनोरे रचायला लावले. मला सगळा पोरखेळ वाटत होता, शालन मात्र पदर खोचून पुढं. हरणं तिला चालायचंच नाही. आमचा मनोरा पडला तेव्हा तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच फुंकर मारली. दुसऱ्या दिवशी बायकांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्या आणि नवऱ्यांना हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. नवऱ्यानं हाक मारायची, बायकोनं आवाजाच्या अंदाजानं त्याच्यापर्यंत पोचायचं. शिट्टी झाली आणि सगळे नवरे एकदम ओरडले, "अगं ए!" नाव कुणीच घेईना. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची आमच्याकडं सवय कुणाला? त्या कालव्यात बायका जागच्या जागी फिरायला लागल्या. सुप्याची एक बाई तर भलत्याच्याच नवऱ्याचा हात धरून "सापडलं!" म्हणाली. हसून हसून लोकांची पोटं दुखली. "अहो, नावं घ्या, नावं!" म्हणून प्रशिक्षक मॅडम ओरडून दमल्या. माझ्या तोंडून तर 'अगं'सुद्धा निघेना. लाजत नुसता खाकरलो. शालन थांबली, वळली आणि सरळ येऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"तुम्ही तर काहीच बोलला नाहीत," मॅडम मला म्हणाल्या. "मग यांना कळलं कसं?"

"खाकरले की," पट्टी सोडत शालन म्हणाली. "रोज घरात येताना असंच खाकरत्यात. त्यावरनंच मला कळतंय, च्या ठिवायचा का गप बसायचं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मात्र फळ्यावर लिहिलं, 'मनातलं स्पष्ट बोला.' आपण तर जिंकलो, हा धडा बाकीच्यांसाठी, असं मी धरून चाललो. परतीच्या एस्टीत शालननं मला खिडकीशी बसवलं. मग म्हणाली, "त्या बाईंचं बी खरं हाय. मी वळखते म्हणून तुमी बोलत न्हाय. दुसरं कोण वळखंल?"

"दुसऱ्यानं कशाला वळखायला पायजे?" मी म्हणालो आणि खिडकीतून ऊस बघत बसलो.

गटात तिनं तो धडा लगेच चालू केला. बैठकीत आधी प्रत्येकीनं बोलायचं, अध्यक्षानं शेवटी. कोपऱ्यात बसणाऱ्या बायकासुद्धा बोलत्या झाल्या. माझ्यावर मात्र तिचा इलाज चालला नाही. संध्याकाळी "काय झालं, बोला की," म्हणायची, आणि मी तोंड उघडायच्या आत तिला सगळं कळलेलं असायचं.

आता दिवसच्या दिवस मी कुणाशी बोलत नाही. एकटं वाटतं... फार एकटं वाटतं. गटातल्या बायका येऊन विचारतात, "तात्या, काय पायजे का?" मी न्हाय म्हणतो. त्या बिचाऱ्या थोडा वेळ थांबतात आणि जातात.

परवा पुण्याहून मुलाचा फोन आला. आईशी तो तासन्‌तास बोलायचा. ती बोलायला बसायची त्याच ओट्यावर बसून मी उचलला.

"आबा, जेवला का?"

"व्हय."

"बरं हाय ना?"

मला पुष्कळ सांगायचं होतं. ये रे एकदा, चार दिवस राहून जा, असं म्हणायचं होतं. शब्द जुळवता जुळवता मी नुसता खाकरलो.

"हॅलो... आबा? आवाज येत न्हाय. रेंज गेली वाटतं. ठेवतो."

रेंज चांगली होती.